ओमानच्या आतल्या भागात टीचर ट्रेनर म्हणून जाऊ का? माझं जरा लांबलेलं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: बारा वर्षं इंग्रजी शिकवलेल्या, नाशिककडच्या एका बाईंना ओमानमधून ऑफर आलीय, तिथल्या सरकारी शाळांमधल्या शिक्षिकांना ट्रेनिंग द्यायची. पोस्टिंग मस्कतला नाही, आत निझवाच्या बाजूला. घरचे म्हणतायत तो भाग फार कडक आहे. डोक्यावरून घ्यावं लागेल का, एकटीनं राहता येईल का, आणि तिथल्या शिक्षिका एका भारतीय बाईचं ऐकतील का.

मी त्याच भागात सहा वर्षं हेच काम केलं, नंतर ओमानमधल्याच इब्रा गावाच्या बाजूला दोन वर्षं, त्यामुळे अंदाजानं बोलत नाहीये. आणि आधीच सांगते, घरच्यांना ज्या गोष्टींची भीती वाटतेय त्या सगळ्या पहिल्या महिनाभरात सुटतात. ज्या गोष्टीनं मला घाम फोडला ती यादीत कुणाच्याच नव्हती.

आधी सोप्या गोष्टी उरकते. डोकं झाकायची सक्ती परदेशी बायकांना नाही, फक्त मशिदीत जाताना झाकायचं. सैलसर पंजाबी ड्रेस, पूर्ण बाह्या, मोठी ओढणी एवढ्यात माझी आठ वर्षं गेली. साडी मी फक्त एका कार्यक्रमाला नेसले आणि पोट दिसू नये म्हणून दिवसभर पदर धरून बसले, परत नेसले नाही. बायका गाडी चालवतात, सर्रास चालवतात. पण भारतीय लायसन तिथं तसंच बदलून मिळत नाही, टेस्ट द्यावी लागते आणि ती पहिल्या फटक्यात पास होणारे मी फार बघितले नाहीत (मी तिसऱ्यांदा). आठवडा रविवारी सुरू होतो, सुट्टी शुक्रवार-शनिवार. शाळा सकाळी लवकर भरते आणि दुपारी जेवायच्या वेळेला सुटते. खाण्यापिण्याचे हाल अजिबात नाहीत, केरळी दुकानात पोह्यांपासून कढीपत्त्यापर्यंत सगळं मिळतं. रात्री एकटीनं चालत जाण्याबद्दल विचाराल तर मी पुण्यापेक्षा तिथं निवांत होते. फक्त एकटी बाई राहते म्हटल्यावर घरमालक दहा प्रश्न विचारतो, त्यासाठी एम्प्लॉयरकडून घराची सोय लिहून घ्या, तोंडी आश्वासनावर विमानात बसू नका.

रमजानमध्ये दिवसा चारचौघांत खाणंपिणं हा कायद्यानं गुन्हा आहे, आपण मुस्लिम नसलो तरी. गाडीत बसून पाण्याची बाटली तोंडाला लावणंसुद्धा टाळायचं. स्टाफरूममध्ये कुणीतरी आग्रह करेल की तुम्ही खा, आमचं काही नाही, तरी नाही खायचं. त्या महिन्यात ट्रेनिंगचं नवीन काहीही काढू नका. रात्रभर जाग्या असलेल्या, पहाटे सगळ्या घराचं करून आलेल्या बायका समोर बसलेल्या असतात.

आता मुद्द्याचं. त्या प्रांताचं नावच अद-दाखिलिया आहे, म्हणजे 'आतला'. आपला 'दाखल' आणि शाळेचा 'दाखला' त्याच अरबी मुळातून आलेत. मस्कत म्हणजे किनारा, बंदर, शतकानुशतकं बाहेरची माणसं बघितलेलं. निझवा म्हणजे डोंगराच्या आतलं, इबादी इमामांची जुनी राजधानी, १९५० च्या दशकापर्यंत इमामाचं राज्य तिथं टिकून होतं. इबादी म्हणजे ना सुन्नी ना शिया, वेगळा आणि जुना पंथ, साधेपणाला मानणारा. कडक म्हणाल तर कडक आहेत, पण आरडाओरडा करणारे नाहीत. आवाज चढवलेला माणूस तिथं हलका समजतात, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा, कारण आपल्याला वर्गात आवाज चढवायची सवय असते आणि ते आपल्याला कळतही नाही.

आणि हेही ध्यानात घ्या की १९७० साली, सुलतान काबूस गादीवर आले तेव्हा, अख्ख्या देशात मिळून तीन शाळा होत्या, नऊशेच्या आसपास मुलं, आणि सगळी मुलगेच. म्हणजे मी ज्यांना ट्रेनिंग देत होते त्यातल्या पस्तिशी-चाळिशीच्या कितीतरी जणींच्या आयांनी शाळेची पायरी बघितलेली नव्हती, आणि या स्वतः पदवी घेऊन, गाडी चालवत, पाच पोरं सांभाळत चाळीस-पन्नास किलोमीटरवरून शिकवायला येत होत्या. मी जाताना डोक्यात 'मागासलेल्या बायकांना शिकवायला चाललेय' असं काहीसं घेऊन गेले होते, खोटं कशाला बोलू. ते पहिल्या आठवड्यातच गळून पडलं.

शाळांची रचना अशी की पहिली ते चौथी मुलंमुली एकत्र, आणि शिकवायला बायका. पाचवीपासून मुलींच्या शाळा वेगळ्या, मुलग्यांच्या वेगळ्या, मुलींना बायका शिकवणार आणि मुलग्यांना पुरुष. इंग्रजी पहिलीपासून. म्हणजे तुम्ही बाई असाल तर पहिली-चौथीच्या आणि मुलींच्या सगळ्या शाळा तुम्हाला उघड्या. माझ्याबरोबरच्या पुरुष ट्रेनरला मुलींच्या शाळेत जायचं तर आधी निरोप, मग परवानगी, मग गेटवर वाट बघणं, आणि वर्गात गेल्यावर सगळ्यांचे चेहरे झाकलेले. त्यामुळे 'बाई म्हणून अडचण येईल का' याचं उत्तर उलटं आहे. आणि गंमत बघा, ओमानमधल्या मुली मुलांपेक्षा अभ्यासात बऱ्याच पुढं आहेत, आंतरराष्ट्रीय चाचण्यांमध्ये सुद्धा हा फरक मोठा दिसतो. माझ्या मते यात शिक्षिकांचा वाटा मोठा आहे, पण हे तिथल्या पुरुष सुपरवायजरपुढं बोलायची हिंमत मी कधी केली नाही.

तर मला घाम कशानं फुटला ते सांगते.

पहिली चूक कॅमेऱ्याची. आपल्याकडच्या ट्रेनिंगमध्ये वर्गाचा व्हिडिओ काढून नंतर सगळ्यांनी बघणं ही साधी पद्धत. मी पहिल्याच महिन्यात एका मुलींच्या शाळेत छोटा ट्रायपॉड घेऊन गेले. कुणी नाही म्हणालं नाही. मुदीरा, म्हणजे मुख्याध्यापिका, हसून म्हणाल्या इन्शाअल्लाह, आणि कॉफी आली. दुसऱ्या दिवशी त्या वर्गाला टेस्ट होती. तिसऱ्या दिवशी शिक्षिका रजेवर. चौथ्या दिवशी मी तिथं असतानाच एसी दुरुस्त करायला माणूस आला, कुणीतरी व्हरांड्यात ओरडून सांगितलं आणि दहा सेकंदांत, अक्षरशः दहा सेकंदांत, अख्खी स्टाफरूम बदलली. खुर्चीवर टाकलेले अबाया, म्हणजे काळे पायघोळ झगे, अंगावर, नकाब चेहऱ्यावर, मघाशी लिपस्टिकच्या शेडवर हसणाऱ्या बायका काळ्या सावल्या होऊन बसल्या. माणूस गेला, परत सगळं पूर्ववत. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की भिंतीच्या आत या जशा असतात ते मी एका मेमरी कार्डात भरून बाहेर न्यायचं म्हणत होते, जे कुणाच्याही फोनवर, कुणाच्याही नवऱ्यासमोर उघडू शकतं. ट्रायपॉड त्या दिवशी गाडीच्या डिकीत गेला तो भारतात येईपर्यंत तिथंच. नंतर मी फक्त आवाज रेकॉर्ड करायला लागले, तोही शिक्षिकेच्या स्वतःच्या फोनवर, ऐकायचा दोघींनीच आणि पुसायचा तिनंच. खरं सांगायचं तर आवाजावरून जास्त कळतं. शिक्षिका किती बोलते, प्रश्न विचारल्यावर किती सेकंद थांबते, सगळं.

दुसरी चूक रिपोर्टची, आणि ती जास्त महागात गेली. एका अनुभवी शिक्षिकेचा तास बघून मी लिहिलं की अर्धा तास अरबीतच जातो, मुली इंग्रजी बोलतच नाहीत. खोटं काही नव्हतं. पण तो कागद नियमाप्रमाणे वर गेला, तिथून तिच्या वार्षिक मूल्यमापनात गेला, आणि मला ते ठाऊकच नव्हतं. त्यानंतर त्या शाळेत मला सलाम मिळायचा, खजूर मिळायचे, कॉफी मिळायची, फक्त एकाही वर्गाचं दार उघडायचं नाही. कुणी एक वाकडा शब्द बोललं नाही. जवळजवळ दोन महिने. आपल्याकडं असं झालं असतं तर कुणीतरी तोंडावर तरी सुनावलं असतं की बाई, तुम्ही हे काय केलंत, आणि भांडून मोकळे झालो असतो.

तिसरी चूक झाली त्यातूनच मार्ग निघाला. मी ठरवलं की आता दुसऱ्यांचे तास बघायचे नाहीत, स्वतः तास घ्यायचा आणि त्यांनी मागं बसून बघायचा. चौथीचा वर्ग, मुलंमुली एकत्र, विषय 'माझं कुटुंब'. फळ्यावर झाड काढलं, माझ्या आईचं नाव लिहिलं, आणि पुढच्या बाकावरच्या मुलाला विचारलं, तुझ्या आईचं नाव काय? पोरगं लाल. मान खाली. मागून खुसखुस. मला वाटलं इंग्रजी येत नाही म्हणून लाजतोय, म्हणून मी आपली परत, हळू, स्पष्ट, हसून विचारतेय. तिसऱ्या वेळी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मागं बसलेल्या शिक्षिकांपैकी एकीनं पटकन अरबीत काहीतरी बोलून विषय फिरवला.

तास संपल्यावर तिनंच मला समजावलं. आईचं, बहिणीचं, बायकोचं नाव पुरुषमाणूस चारचौघांत घेत नाही, मुलं तर ते नाव कळलं की वर्षभर चिडवतात. बाईला हाक मारायची ती 'उम्म अमकातमका', अमक्याची आई. मी खाली बघून ऐकत होते आणि एकदम मला माझी आजी आठवली, जिनं उभ्या जन्मात आजोबांचं नाव उखाण्याशिवाय घेतलं नाही, रेशनच्या रांगेत नाव विचारलं तर मला पुढं करायची. मी त्यांना उखाणा म्हणजे काय ते सांगितलं. मग एक म्हणून दाखवला, मग त्याचं मोडकंतोडकं भाषांतर केलं आणि त्या बायका हसून हसून लोळल्या. ज्या शिक्षिकेचा रिपोर्ट मी लिहिला होता ती पण होती. जाताना तिनं विचारलं, उस्ताजा (म्हणजे बाई, शिक्षिका), तुम्हाला मुलगा आहे का मुलगी? मुलगी म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून मी त्या शाळेत माझ्या लेकीच्या नावानं 'उम्म' झाले. आणि रविवारी तिनंच तिच्या वर्गात बोलावलं.

मला म्हणायचंय ते एवढंच आहे हो. ट्रेनरचं कामच मुळात दुसऱ्याच्या आत डोकावायचं आहे, आणि तुम्ही चाललाय अशा ठिकाणी जिथं आतलं आणि बाहेरचं यातली रेघ सगळ्यात पक्की. ओसरीवरच्या पाहुण्याला ते जीव लावतील, पण माजघरात आपण होऊन घुसायचं नाही. आत घेतलं की मात्र इतकं घेतात की आपल्यालाच अवघड होतं.

यातून मी कामाची पद्धत बदलली ती अशी. प्रत्येक शाळेत विषयाची एक सीनियर टीचर असते, तिला तिथं मुअल्लिमा ऊला म्हणतात, पहिली शिक्षिका. सगळं तिच्या हातून. तुम्ही काहीतरी नवीन दाखवायचं ते तिला एकटीला, आणि वर्कशॉपमध्ये ते तिनं मांडायचं, तुम्ही बाजूला बसून चहा प्यायचा. श्रेय तिला जाऊ द्या, पोटात दुखेल, पण जाऊ द्या. कुणाच्या तासाबद्दल बोलायचं तर एकटीशी, दार लोटून, आणि आधी तिच्या पोराबाळांची, आईची चौकशी करून. ही चौकशी म्हणजे वेळकाढूपणा वाटतो आपल्याला, दहा मिनिटं तेच ते, कशा आहात, घरचे कसे आहेत, आणखी काय खबर. पण ती उरकायची घाई केलीत तर पुढचं अर्धा तास बोललेलं फुकट. वर्कशॉपमध्ये 'कुणाला काही अडचण?' असं कधी विचारू नका, शांतता पसरते. चौघीचौघींचे गट करा, कागद द्या, 'एखाद्या नवीन शिक्षिकेला इथं काय अडचण येईल?' असं विचारा. कागद भरून येतो.

कॉफीचं तेवढं शिकून घ्या. कावा म्हणतात, दुधाशिवाय, वेलची घातलेली, छोट्या बिनकानाच्या वाटीत. उजव्या हातानं घ्यायची. वाटी संपली की परत भरतातच, आपल्याला बस झालं की वाटी हातात धरून डावीउजवीकडे हलवायची, नुसतं 'नको नको' म्हणून भागत नाही. मी पहिल्या दिवशी सहा वाट्या प्याले आणि रात्री टक्क जागी.

वेळापत्रक आखताना दुपारच्या नमाजाची वेळ मोकळी सोडा, साधारण सव्वाबाराच्या आसपास, ऋतूप्रमाणे मागंपुढं. ती 'ब्रेक' म्हणून नका देऊ, आधीच पत्रकात छापा. काही शिक्षिकांना वर्गात वाद्यसंगीत चालत नाही, तेव्हा गाणी टाळ्यांवर आणि ठेक्यावर घ्या, मुलांना काही फरक पडत नाही. आपल्या जुन्या इंग्रजी चार्टमध्ये प-वरून 'पिग', म्हणजे डुक्कर असतं, ते अर्थातच काढा.

प-वरून आठवलं. अरबीत प नाही. पेप्सीचं बेब्सी, पार्किंगचं बार्किंग. त्यावर जगभर चालणारी युक्ती म्हणजे ओठांसमोर कागदाची पट्टी धरायची, इंग्रजी प म्हटला की पट्टी हलते आणि ब म्हटला की हलत नाही. मी वीस शिक्षिकांसमोर मोठ्या ऐटीत पट्टी धरली, 'पेन' म्हटलं, आणि पट्टी ढिम्म. कारण आपला मराठी प सुद्धा हवा सोडत नाही! इंग्रजांचा शब्दाच्या सुरुवातीचा प आपल्या प आणि फ यांच्या मधला आहे, त्यात हवेचा झोत असतो. वीस वर्षं इंग्रजी शिकवून मला ते तिथं कळलं. घरी आरशासमोर आठवडाभर सराव केला. तुम्ही जायच्या आधीच करा. दुसरं, पहिलीतली मुलं वही उलट्या बाजूनं उघडतात कारण अरबी उजवीकडून लिहितात, आणि त्यांच्या आकड्यांमध्ये पाच हा गोल शून्यासारखा आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. त्यामुळे पोरानं तारखेत घोळ घातला तर रागवायच्या आधी वहीत नीट बघायला शिकवावं लागतं, आणि हे तिथल्या शिक्षिकांना आपल्यापेक्षा चांगलं माहितेय, तेव्हा त्यांनाच विचारा.

भारतीय बाईचं ऐकतील का? हा प्रश्न रास्त आहे. त्या देशात भारतीय म्हटलं की दुकानदार, ड्रायव्हर, बांधकामावरचा माणूस डोळ्यासमोर येतो, आणि ट्रेनर म्हटलं की गोरा. एका इजिप्शियन शिक्षिकेनं मला तोंडावर विचारलं, पण तुमची तर इंग्रजी मातृभाषा नाही ना? मी म्हटलं नाही, तुमच्यासारखीच शिकलेय, म्हणून मला माहितेय कुठं अडतं. ते पटलं. पगारात मात्र पासपोर्ट बघून फरक करतात, माझ्याच कामाला माझ्याच टेबलावर बसलेल्या ब्रिटिश माणसाला बराच जास्त मिळत होता आणि त्याला वर्गात शिरायला गेटवर थांबावं लागत होतं. याचा राग मला अजून आहे. तुम्ही निदान आकडा मागताना संकोच करू नका.

शिक्षिकांमध्ये काही जणी झांझिबारमधून, म्हणजे पूर्व आफ्रिकेजवळच्या बेटावरून, परत आलेल्या ओमानी घरांतल्या भेटतील. १९६४ च्या तिथल्या क्रांतीनंतर बरीच कुटुंबं विखुरली आणि १९७० नंतर परतली. त्या घरांत स्वाहिली आणि चांगलं इंग्रजी बोलतात आणि त्यांना 'बाहेरून आलेली' असणं म्हणजे काय ते कळतं. माझ्या पहिल्या मैत्रिणी त्याच. शिवाय म्हाताऱ्या माणसांना मुंबई माहीत असते, एकेकाळी तिथं आपला रुपयाच चालायचा, आजही रियालचे हजार 'बैसा' होतात म्हणजे आपला पैसाच. सध्याच्या सुलतानांचे आजोबा तैमूर बिन फैसल १९६५ साली मुंबईतच वारले. एका शिक्षिकेच्या सासऱ्यांनी मला मुंबईच्या पावसाबद्दल इतकं सांगितलं की मी पुण्याची आहे हे सांगायचं राहूनच गेलं.

धर्मावर बोलणं निघतंच. तुम्ही गाईची पूजा का करता, इतके देव कशाला, तुम्ही इस्लाम का घेत नाही, इतकी चांगली बाई तुम्ही. यात टोमणा नसतो, काळजी असते, त्यांच्या लेखी. मी 'माझ्या आईवडलांनी दिलंय ते मी धरून आहे' एवढंच म्हणायचे. आईवडलांचं नाव काढलं की विषय आदरानं थांबतो. भारतातल्या बातम्यांवरून विचारतील, मुसलमानांचं काय चाललंय तुमच्याकडं, तेव्हा ना देशाची वकिली करायची ना देशाला शिव्या घालायच्या. जे डोळ्यांनी बघितलंय तेवढंच बोलायचं.

कागदपत्रांचं शेवटी. ओमानला आपला अपॉस्टिल (कागद खरा असल्याचा, परदेशात चालणारा सरकारी शिक्का) चालतो, तेव्हा डिग्री, बीएडचं सर्टिफिकेट आधी राज्याकडून आणि मग परराष्ट्र खात्याकडून करून घ्या, एजंटला दहा गोष्टींचे पैसे देऊ नका. २०२१ पासून करार संपल्यावर दुसरीकडं जायला जुन्या मालकाची एनओसी लागत नाही, हे मोठं सुख झालंय, आमच्या वेळी नव्हतं. पासपोर्ट स्वतःकडं. पगारावर तिथं सध्या आयकर नाही, २०२८ पासून वर्षाला ४२ हजार रियालच्या वर कमावणाऱ्यांना लागणार आहे, आपण त्यात बसलो तर पेढे वाटू.

आणि ऑफर लेटरमध्ये पगार-घर-तिकीट बघून झालं की सही करायच्या आधी त्यांना मेल करून एकच गोष्ट विचारा: मी तास बघून जे लिहीन ते नंतर कुणाकुणाला जातं, आणि त्या शिक्षिकेच्या मूल्यमापनात धरलं जातं का? 'जातं' असं उत्तर आलं तर, मी नेमकं काय लिहीन आणि काय नुसतं तोंडी बोलेन हे लेखी ठरवून घ्या. काय उत्तर येतंय ते कळवा, घरभाड्याचं आणि शाळेच्या अंतराचं मग बोलू.